हळदीचं बोट

आयुष्यहोम पार पडला, केळीच्या पानावरची जेवणं झाली, आणि मंगल कार्यालयातून उठलेली सगळी मंडळी मद्रासेतल्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटवर येऊन कॉफीची वाट बघत टेकली, तेव्हा कुठे कृष्णवेणीनं पहिल्यांदा पाठ भिंतीला लावली. सासरे दत्ताजी ऐंशी वर्षांचे झाले होते. पुरोहितांनी चूक काढली नव्हती, पायसम कमी पडलं नव्हतं, आणि कोइमतूरहून आलेली नणंद कनका एकदाही रुसली नव्हती. एवढं जमून आलं की माणसाला आपल्या कर्तबगारीचा थोडा गर्व होतोच, आणि तो कृष्णवेणीला जरा जास्तच लवकर होत असे.

आता फक्त फिल्म राहिली होती.

ती फिल्म म्हणजे कनकाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. वीस वर्षं कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी पडलेली. तिच्यात कृष्णवेणीची सासू अन्नपूर्णाबाई होती, जी आता नव्हती. आणि कनकाचा नवरा वेंकटरमण होता, तोही आता नव्हता. त्याचे फोटो कनकाकडे पुष्कळ होते, पण चालता-बोलता तो एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. म्हणून गेल्या दिवाळीत तिनं वहिनीला सांगितलं होतं, "वैनी, अप्पांच्या होमाला अस्के येतील. तेव्हां ती कॅसेट कशीतरी दाखीव गे. मज एकदां त्याला हसताना बघायचंय."

कृष्णवेणीनं 'सेरी, बरं' म्हणून टाकलं, आणि काम येऊन पडलं सुनेवर.

सुष्मिता या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. साताऱ्याकडच्या मोहित्यांची मुलगी. वडील मद्रासजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे सुपरवायझर, म्हणून ती मद्रासेत वाढलेली. पण मराठी बोलायची ती पुस्तकासारखी स्वच्छ. सगळ्यांना 'अस्के' म्हणणारी आपली तंजावरच्या वळणाची मराठी ऐकून ती हसत नसे, तरी ती हसते आहे असं कृष्णवेणीला आपलं वाटत राही. कॅसेट हातात घेऊन ती म्हणाली होती, "सीडीवर ही तुकड्यातुकड्यांत जाईल आणि धूसर दिसेल. डीव्हीडी करू. फक्त माझ्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह डीव्हीडी नुसता वाचतो, लिहीत नाही. लिहिणारा आणून बसवते."

आणि खरंच, एका रविवारी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तिनं डीव्हीडी रायटर आणला, जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरला, लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. कृष्णवेणीचा जीव वरखाली होत होता. एवढी महागाची वस्तू, आणि ही तिचं पोट उघडून बसली! सुष्मितानं एक स्क्रू काढला, जुना ड्राइव्ह कपाटाच्या खणासारखा बाहेर ओढला आणि नवा त्या जागी सरकवला. लॅपटॉप रुपेरी, नव्या ड्राइव्हची कड काळी. कोऱ्या कांजीवरमला ठिगळ लावावं तसं ते दिसत होतं, आणि कृष्णवेणीनं तसं बोलूनही दाखवलं.

"वॉरंटी गेली की आता," तिचे यजमान बालाजीराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"चालतं ना, बास," मुलगा हरिप्रसाद म्हणाला. हरिप्रसादचं एकूण आयुष्य 'चालतं ना' या दोन शब्दांवर चाललं होतं.

चाललं मात्र उत्तम. कॅसेटवरची फिल्म लॅपटॉपमध्ये उतरली, लगोलग व्हीसीआरनं ती कॅसेट खाऊन टाकली, आणि सगळ्या डीव्हीडी लिहून झाल्यावर सुष्मितानं जागा मोकळी करायला लॅपटॉपवरचीही फिल्म पुसली. आता जे होतं ते त्या डीव्हीडींवर. प्रत्येकीवर तिनं मार्करनं सुबक अक्षरांत 'कनकाआत्यांचं लग्न' असं लिहिलं, पाकिटात घातलं, आणि पाहुण्यांना द्यायच्या तांबूलाच्या पिशव्यांत नारळाशेजारी ठेवायला म्हणून गठ्ठा सासूच्या हवाली केला.

"लावा गे आता," खुर्चीतून दत्ताजींनी हुकूम सोडला. गळ्यात अजून सकाळचा हार होता. "मज झोप यायच्या आंत लावा."

सगळे टीव्हीसमोर सरकले. कनका पदर सावरून अगदी पुढे बसली. सोफ्याच्या टोकाला सुष्मिताचे वडील मोहिते आणि त्यांची बायको अंग चोरून बसले होते, परक्या घरात बसतात तसे. सुष्मितानं एका पिशवीतून पाकीट काढलं, डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं ती गिळली, घुर्रर्र केलं, पुन्हा घुर्रर्र केलं, आणि पडद्यावर 'नो डिस्क' अशी अक्षरं आली.

"उलटी घातलीस काय?" बालाजीराव म्हणाले.

"नाही, बाबा." सुष्मितानं ती बाहेर काढली. उलटून बघितली. बघताना तिचा हात मध्येच थांबला. मग तिनं मान वर करून सासूकडे पाहिलं, क्षणभरच, आणि डीव्हीडी झटकन पदराखाली घेतली. पाठमोरी होऊन ती काहीतरी पुसत राहिली. दुसऱ्या पिशवीतली लावली. पुन्हा घुर्रर्र. पुन्हा तेच. तिसरी तिनं नुसती पाकिटातून अर्धी ओढून बघितली आणि आत ढकलली.

"काय झालं गे?" कनकानं विचारलं. "गेलं काय अस्कं?"

"नाही, आत्या. माझंच काहीतरी राहिलंय," सुष्मिता म्हणाली. "उद्यापर्यंत सगळ्या नीट करून देते. नक्की देते."

"उद्या? उद्या सकाळच्या गाडीनं मी चालले."

कुणीतरी 'च्च' केलं. कुणीतरी म्हणालं, स्टुडिओत दिली असती तर हे झालं नसतं. दत्ताजींचा हार उगाच हलला. कृष्णवेणीला कानापाठीमागे ऊन लागल्यासारखं झालं. सकाळपासून जपून आणलेला दिवस असा शेवटच्या पायरीवर घसरावा, तोही तिच्या डोळ्यांदेखत आणि तिच्याच सुनेच्या हातून! आणि ती बोलली. नको इतकं बोलली.

"मी तेव्हांच सांगत होते. चांगली वस्तू उघडून बसायची म्हणजे काय गे? बाजारातलं कायतरी आणलं नि आंत ढकललं. मोठ्यांना विचारायचं नाहीं. तुझ्या माहेरी चालत असंल, हातांत पाना आला की दिसेल ते उघड! आमच्या घरीं नाहीं चालत. त्या पोरीचा नवरा होता गे त्यांत. तो तूं घालवलास!"

हरिप्रसाद आपल्या बोटांच्या नखांकडे बघत राहिला. सुष्मितानं मान खाली घातली नाही. ती फक्त आपल्या वडिलांकडे बघू लागली.

मोहिते उठले. जाडजूड हातांचा साधा माणूस. मघाशी जेवताना ते शेजाऱ्याला कौतुकानं सांगत होते की पोरीला स्क्रूड्रायव्हर धरायला मीच शिकवलं. ते हात त्यांनी आता जोडले. आधी कृष्णवेणीपुढे, मग कनकापुढे, मग वाकून दत्ताजींच्या पायांशी.

"चूक झाली, विहीणबाई," ते म्हणाले. "पोरीला नको ती सवय मी लावली. तिचा दोष नाही, माझा आहे. एवढ्या मोठ्या दिवशी आमच्यामुळं... माफ करा सगळ्यांनी."

"अहो, बसा, बसा," बालाजीराव पुटपुटले, पण उठले नाहीत.

"नाही, निघतो. लांब जायचंय."

राग हा कृष्णवेणीच्या अंगात फार वेळ टिकत नसे. तो ओसरला आणि मागे उरली ती रीत. सवाष्ण हळदीकुंकवाशिवाय दारातून कशी जाऊ द्यायची? "थांबा हं, कुंकू आणते," असं मोहितेबाईंना म्हणून ती लगबगीनं देवघराच्या कोपऱ्यात गेली. कुंकवाचा करंडा उचलला, हळदीची वाटी पुढे ओढली, आणि सवयीनं बोट हळदीत बुडवलं.

बोट हळदीतच राहिलं.

काल संध्याकाळी ती इथेच बसली होती. सुष्मिता ऑफिसात होती. समोर पिशव्या, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, आणि त्या डीव्हीडींचा गठ्ठा. या घरातून तांबूल जातं ते हळदीचं बोट लागल्याशिवाय जात नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यांना, साडीच्या पदराला, नव्या भांड्याला, सगळ्याला बोट लागतं. अन्नपूर्णाबाईंनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मग हीच वस्तू कोरडी कशी द्यायची? लिहिलेली बाजू खराब होऊ नये म्हणून तिनं एकेक डीव्हीडी उलटी केली. दुसरी बाजू लख्ख, आरशासारखी, काही न लिहिलेली. कलशाच्या तोंडाला लावतात तसं तिनं मधल्या भोकाभोवती ओल्या हळदीचं बोट फिरवलं, आणि पुन्हा पाकिटात सारली. किती समाधान वाटलं होतं तिला!

गठ्ठ्यातली एक डीव्हीडी अजून देव्हाऱ्याजवळ पडली होती. कृष्णवेणीनं ती पाकिटातून काढली. हळद सुकली होती, पाकिटाला घासून पसरली होती. चकचकीत बाजूवर भोकापासून बाहेरपर्यंत पिवळा फराटा उमटला होता. त्यातलं तिला काही कळत नसलं, तरी कुठल्या बाजूनं ते यंत्र बघतं एवढं आता कळायला इंजिनियर व्हायची गरज नव्हती.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती पहिलीपेक्षा वाईट. सुष्मितानं ती उलटून बघितली होती. बघून तिच्याकडे बघितलं होतं. म्हणजे त्या पोरीला कळलं होतं. कळूनही ती म्हणाली होती, माझंच काहीतरी राहिलंय.

कृष्णवेणीला आपल्याच अंगाची लाज वाटली. वाटलं, हे बोट कुठे लपवावं.

करंडा घेऊन ती बाहेर धावली तोवर लिफ्ट खाली गेली होती. दाराजवळच्या खुर्चीवर मोहित्यांची तांबूलाची पिशवी तशीच होती. विसरली म्हणावं तर ती त्यांच्या हातातच दिलेली होती.

स्वयंपाकघरात सुष्मिता कॉफीचे पेले विसळत होती. कृष्णवेणीनं आत जाऊन दार लोटलं आणि ती डीव्हीडी तिच्यापुढे धरली.

"तुला समजलं होतं."

"हो."

"मग बोलली कां नाहींस?"

"सगळ्यांसमोर काय बोलणार, आई?" सुष्मिता नळाकडेच बघत म्हणाली. "आज तुमचा दिवस होता. सकाळी चारपासून तुम्ही उभ्या आहात. म्हटलं, पाहुणे गेले की धुऊन काढीन. हळदच तर आहे, पाण्यानं निघेल. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"मी एवढं बोलले..."

"मला बोललात त्याचं काही नाही." आता ती वळली. "माझ्या बाबांना का बोललात? त्यांनी आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आई. मी खोटं बोलले म्हणून त्यांनी डोकं ठेवलं. आता मला तोंड उघडायची सोयच राहिली नाही."

कृष्णवेणीची सासू कडक होती, पण चारचौघांत तिनं सुनेला कधी उणा शब्द लावला नव्हता. जे काय असेल ते सामानाच्या खोलीत, दार लावून. त्या सासूची हळद तिनं उचलली होती, आणि ते दार लावणं तेवढं विसरली होती.

सुष्मितानं डीव्हीडी तिच्या हातून घेतली, नळाखाली धरली, मऊ फडक्यानं मधून कडेकडे हलकेच टिपत राहिली. पिवळं पाणी बेसिनमधून गेलं. तबकडी पुन्हा लख्ख झाली. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला कृष्णवेणीच्या मनात आलंच, की झालं, निघाली. आता ही लागली की सगळे खूश होतील, नि काय झालं होतं हे विचारायला कुणाला वेळ राहील? हे मनात आलं याची लाज तिला पुढे हळदीपेक्षा जास्त पुरली.

डीव्हीडी लागली. नागस्वरम् कडाडलं, आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. "आलं! आलं!" असा गलका झाला. वेंकटरमण आला, दाट केसांचा, कोवळा. कुणीतरी काही कानात सांगितलं आणि तो दात दाखवून हसला. कनकानं तोंडाला पदर लावला आणि घळाघळा रडू लागली, आणि रडतारडता म्हणाली, "बघा, बघा कसा हसतोय मेला!"

मग कॅमेरा वळला कोपऱ्यात. तिथे अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या, समोर पिशव्यांची रास, हातात हळदीची वाटी. नारळाला बोट, पानाला बोट, वाटीला बोट. कॅमेरेवाला फार जवळ आला तेव्हा त्यांनी त्याच्या कॅमेऱ्याकडेही बोट नेलं, आणि तो घाईनं मागे सरकला. हॉल खदखदून हसला.

"आईचं ते हळदीचं वेड!" डोळे पुसत कनका म्हणाली. "वैनीनं तेवढं चोखट उचललंय."

"मीच लावली," कृष्णवेणी म्हणाली.

ती इतक्या हळू म्हणाली की कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुढे होऊन टीव्हीचा आवाज बंद केला. आता सगळे तिच्याकडे बघत होते. करंडा अजून हातातच होता.

"डीव्हीडीवर हळद मी लावली. काल. अस्क्यांवर. म्हणून लागत नव्हत्या. सुष्मितानं केलेलं अस्कं बरोबर होतं. तिच्या त्या ड्राइव्हला कांहीं झालं नाहीं. तिला कळलं होतं, पण माझी लाज जाऊं नये म्हणून तिनं आपल्यावर घेतलं. आणि मी तिच्या बापाला..."

बालाजीराव खाकरले. "असूं दे गे. माहीत नव्हतं, झालं."

"जाऊं दे, वैनी, आतां चालतंय की," कनका म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. तिथे वेंकटरमण मुक्यानं काही बोलत होता. "आवाज कर ना जरा."

"चालतं ना," हरिप्रसाद म्हणाला.

सुनेची चूक झाली तेव्हा प्रत्येकाला काहीतरी बोलायला सुचलं होतं. सासूची झाली तेव्हा सगळ्यांना टीव्ही बघायचा होता. कुणीतरी चार शब्द सुनवावेत म्हणून ती उभी राहिली होती, आणि ते मिळाले नाहीत. एकटे दत्ताजी तिच्याकडे बघत होते. त्यांनी गळ्यातला हार काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आम्हांला सांगून काय करतीस? पायां पडला तो माणूस इथं कुठं आहे?"

तिनं सुष्मिताकडून फोन लावून घेतला. गॅलरीत जाऊन उभी राहिली. पलीकडे बसचा खडखडाट होता.

"मोहितेसाहेब, मी कृष्णवेणी बोलते. चूक तुमच्या पोरीची नव्हती. माझी होती. त्या डीव्हीडींवर मी हळद लावली होती, चुकीच्या बाजूनं. मी उगाच तुम्हांला..."

"विहीणबाई," मोहिते म्हणाले, "काय बोलू आता? पोरीची चूक तुम्ही स्वतःवर घेताय. एवढ्या मोठ्या मनाची सासू मिळाली तिला. आम्ही भाग्याचे."

"नाहीं हो! खरंच मी..."

"मला सगळं कळतं, विहीणबाई. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की सगळ्यांदेखत, माझंच राहिलं म्हणून. पोर कधी खोटं बोलत नाही माझी. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. तुमचे उपकार..." बस कुठेतरी वळली, खडखडाट वाढला आणि फोन तुटला.

कृष्णवेणी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. मागे दारात सुष्मिता येऊन थांबली होती.

"काय म्हणाले बाबा?"

सांगणं भाग होतं. आज एवढं बोलून झालं होतं, पण हे सांगायला सगळ्यात जड गेलं.

"मला मोठ्या मनाची म्हणाले," ती म्हणाली.

आत जाऊन सुष्मितानं उरलेल्या पिशव्यांतली पाकिटं गोळा करायला घेतली, आतल्या डीव्हीडी धुवायला म्हणून. दाराजवळच्या खुर्चीवरची मोहित्यांची पिशवी तिनं उचलली, तेवढ्यात कृष्णवेणीनं तिचा हात धरला.

"ती नको. ती धुऊं नको."

"का?"

"ती तशीच घेऊन उद्यां मी गुम्मिडिपूंडीला जाते. त्यांच्या टीव्हीला लावून दाखवते. लागायची नाहीं. मग त्यांच्यासमोर उलटी करते." तिनं पिशवी काखेत धरली. "आणि उलटी केली की त्यांच्या दिसण्यांत येईल, बोट कुणाचं आहे तें."

सुष्मितानं धुवायची पाकिटं उचलली.

"माझी सुटी नाही उद्या," ती म्हणाली. "तुम्हाला एकटीला जावं लागेल."

"एकटीच जाते," कृष्णवेणी म्हणाली.